आंब्याच्या ओंडक्यावरची बुरशी

ती बुरशी बाबांनी आणली होती. हदगावजवळच्या आमच्या शेतात, विहिरीपाशी आंब्याचा एक ओंडका पडून होता. त्याच्यावर ती टणक, तपकिरी कानासारखी वाढलेली. मी नांदेडला एम.एस्सी. करत होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, काड्यांतल्या सेल्युलोजची साखर करणारं एन्झाइम लाकूड कुजवणाऱ्या बुरशीतून काढायचं, हा माझा प्रकल्प. बाबा बुरशी पेपरात गुंडाळून एसटीनं आले आणि म्हणाले, घरातलं पहिलं शिकलेलं लेकरू बुरश्या गोळा करून राहिलं, गावात सांगू तरी काय.

बुरशी वाढवलेल्या प्लेटवर लाल रंग ओतून धुतला की जिथं सेल्युलोज खाल्लं गेलंय तिथं फिकट कडं उमटतं. बाबांच्या बुरशीचं कडं सगळ्यांत मोठं आलं. मी पाठवलेला फोटो त्यांनी पारावर दिसेल त्याला दाखवला.

एप्रिलमध्ये मी त्या बुरशीच्या सगळ्या नळ्या फ्रीजमधून काढून नव्या मीडियावर, ताज्या खाद्यावर, लावायला बसले. एक जोडी राखीव म्हणून फ्रीजमध्येच ठेवायची असते, हे मला माहीत होतं. घाई माझीच. नळ्यांच्या तोंडचे कापसाचे बोळे काढले आणि चुलत्याचा फोन आला. बाबा गेले. नळ्या तशाच उघड्या टाकून मी स्टँडवर पळाले.

आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत. मी आईजवळ बसून राहिले. तेरवी होईपर्यंत घर सोडायचं नव्हतं. मैत्रिणीला फोन करून नळ्या बंद कर म्हणणं काही अवघड नव्हतं. पण बाप गेलाय अन् ही बुरशीची चौकशी करतेय, असं कुणी म्हणेल या लाजेनं मी तो केला नाही.

परतले तेव्हा प्रत्येक नळीत दुसरीच हिरवी बुरशी माजली होती. बाबांची त्यातून वेगळी काढायला मी आठवडाभर धडपडले. जमलं नाही. सर म्हणाले, दुसरी घे. मला दुसरी नको होती. गावी आले आणि थेट विहिरीवर गेले. ओंडका नव्हता.

घरी आई सुपात तूर निवडत होती. तिला विचारलं.

"तुझ्या बाबाच्या सरणाला नेला ना बाई. वाळलेलं लाकूड तेवढंच व्हतं. आतून कुजकं निघालं, लवकर पेटंना म्हणं."

तिनं मान वर केली.

"तुला पाह्यजे व्हता का?"

"न्हाई," म्हणाले, आणि तिच्या सुपातले खडे वेचायला लागले.