रिकामं घर

महिना झाला. सूस गावातल्या माझ्या घरी जेवायला बसलो होतो, तेव्हा नेरे गावाहून सुमनताईंच्या मुलाचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. ताट तसंच ठेवून मी खिडकीशी उभा राहिलो... समोरची टेकडी होती तिथेच होती, याचाच मला राग आला.

सुमनताई न्यायवैद्यक प्रयोगशाळेत माझ्या वरिष्ठ. कामावर भाषा अगदी टापटिपीची, पण रागावल्या की थेट नेऱ्याची. मी लातूरहून आलेला, हुशारीची मिजास मिरवणारा. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या तेव्हाची गोष्ट. मुळशीतल्या एका फार्महाऊसवर धाड पडली आणि नशेच्या म्हणून गुलाबी गोळ्यांची दोन पाकिटं आमच्याकडे आली. एक पाहुण्याच्या बॅगेतलं, दुसरं तिथल्या राखणदाराच्या खिशातलं. डोकेदुखीवर म्हणून पाहुण्यानेच दिल्या, असं तो कोठडीत सांगत होता. पाहुण्याची गोळी मी खलात कुटली, चिनीमातीच्या ताटलीतल्या खळग्यात पूड टाकून वर रसायनाचा थेंब सोडला. जांभळा रंग आला, मग काळा... म्हणजे गोळी खरी, नशेचीच. खल फडक्याने पुसून त्यातच राखणदाराची कुटली. तीही काळवंडली. वहीत दोन्ही खऱ्या लिहून, खल पुन्हा पुसून मी मोकळा झालो. तीच पूड पुढे पक्क्या तपासणीसाठी यंत्रात जाणार होती आणि तो राखणदार कितीतरी वर्षं तुरुंगात.

ताटलीला बारा खळगे. ताई त्यांना घरं म्हणत आणि पहिलं घर पडताळणीसाठी रिकामं ठेवत. "आधी रिकाम्या घराला इचारलंस का?" त्यांनी विचारलं. त्यांनी तो पुसलेला खल खरवडला, पहिल्या घरात झटकला आणि थेंब सोडला. हळूहळू जांभळं उमटलं. "बघ, ही खलात उरलेली पाहुण्याची पूड हाय. त्याच्या गोळीत काय हाय ते तुला ठावंच न्हाई." मग धुतलेल्या खलात त्यांनी राखणदाराच्या उरलेल्या गोळ्या एकेक करून तपासल्या. एकीलाही रंग आला नाही. खडू आणि कॅफिन, पुढे यंत्रानेही तेच सांगितलं. पाहुण्याने आपल्या गळ्यात पडलेला नकली माल त्याला देऊन टाकला असावा.

शरमेने मी वहीचं पान फाडायला गेलो. त्यांनी हात धरला. "फाडू नगंस. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. अन् सही कर."

संध्याकाळी त्यांना स्कूटरवरून सोडायला निघालो आणि वाट वाकडी करून कासारसाई धरणाच्या पाण्याशी थांबलो. पाणी करडं झालं, मग निळं, मग नुसताच उजेड उरला... आम्ही कधी आलो, किती वेळ बसलो, काही कळेना.

"सुटेल ना तो?" मी विचारलं.

"सुटंल. तूबी."

तो सुटला. ताईंचं नाव त्याला कधी कळलं नाही.

ती ताटली त्यांनी तेव्हाच कामातून काढली होती. मागच्या आठवड्यात नेऱ्याला गेलो, तर त्यांच्या खोलीत खिडकीत दिसली. अकरा घरांत शर्टाची बटणं, रंगांप्रमाणे लावलेली. पहिलं घर रिकामं. त्याच्या तळाला एक बारीक तडा आहे. त्यात जांभळी रेघ मुरली आहे, अजून वाचता येते. वहीतल्यासारखी माझी सही तेवढी खाली नाही.