न वाचता सांग

मसुदा पुढे ठेवला की बाई आधी चष्मा काढायच्या, कागद उलटा करून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता हे मला न वाचता सांग."

दिल्लीतल्या सरकारी कार्यालयात मी अनुवादक म्हणून लागलो, तेव्हा त्या माझ्या वरिष्ठ होत्या. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत, मी एकटा बाई. सरकारी पत्रकं मराठीत आणायची, एवढंच आमचं काम. न वाचता सांगता आलं नाही, की मसुदा परत. "तुलाच कळलं नाही, तर वाचणाऱ्याला काय कळणार?" तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, त्याच्यापुढे कागद नेण्याआधी आपण पाणी पिऊन येतो.

कँटीनवालाही त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. त्याने 'मिक्स व्हेज' म्हटलं की बाई विचारत, "भैया, मिक्स में क्या-क्या?" तो छताकडे बघत आठवायचा आणि शेवटी स्वतःच हसायचा. "आज बस आलू है, मैडम."

एका आठवड्यात माझ्याकडे अटकेबद्दलचं पत्रक आलं. मी ऐटीत लिहिलं, 'अटक केलेल्या व्यक्तीस अटकेची कारणे तिला समजणाऱ्या भाषेत अवगत करून देणे बंधनकारक आहे.' बाईंनी कागद उलटा केला. मी अडखळत म्हणालो, "पोलिसांनी धरलं, तर का धरलं ते त्या माणसाला कळेल असं सांगायला हवं."

"मग असंच लिही की."

त्याच शनिवारी मी बाबांना घेऊन बाजारात गेलो. बार्शीकडच्या आमच्या गावाहून ते पहिल्यांदाच दिल्लीला आले होते. आपल्याला हिंदी येतं, असा त्यांचा समज होता. स्वेटरच्या दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि मी स्कूटर नीट लावायला गेलो. परत आलो तर स्टूल रिकामं. गर्दीत शोधत होतो, तेवढ्यात फोन आला. बाबा पोलीस ठाण्यात होते. त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता.

मी बाईंना फोन केला. त्या जवळच, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहत. त्या ऑटोने पोहोचेपर्यंत मी सब-इन्स्पेक्टरसमोर हात जोडून "सर, माफ कर दीजिए" सुरू केलं होतं. बाबा बाकावर, टोपी हातात घेऊन बसले होते.

"कशाची माफी मागतोयस?" बाईंनी मागून विचारलं.

बाबांना का धरलं, ते मी विचारलंच नव्हतं. पत्रकातलं वाक्य तोंडपाठ असून विचारलं नव्हतं.

बाईंनी सब-इन्स्पेक्टरला विचारलं, "इनको किसलिए लाए हैं?"

"बता दिया है, मैडम. साइन भी हो गया. इन्होंने तो मान भी लिया." त्याने कागद पुढे केला.

बाईंनी चष्मा काढला. "कागज रहने दीजिए. बिना पढ़े बताइए. जरा धीरे."

तो वैतागला, पण बोलला. चोरीची तक्रार होती. एका बाईची बॅग यांच्या हातात सापडली होती.

बाई बाबांकडे वळल्या. "काका, तुम्हाला इथं कशासाठी आणलंय?"

बाबांनी मान खाली घातली. "थुंकलो, बाई. तंबाखूची सवय. साहेब म्हणाले, किया ना? म्हटलं, किया, गलती हुई."

बाईंनी ते शब्द न् शब्द हिंदीत सांगितलं. सब-इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. मागचा हवालदार भिंतीकडे तोंड करून खोकू लागला.

"काका, यांचं म्हणणं आहे, तुम्ही एका बाईची बॅग चोरली."

बाबा ताडकन उठले. "चोरली? तीच माझ्या हातात देऊन गेली की. गुलाबी स्वेटर घालून बघत व्हती. परत आलीच न्हाई, म्हणून तिला हुडकत निघालो."

तक्रार करणारी बाई बाहेरच बसली होती. तिला आत बोलावलं. "मैंने तो बैग दुकानवाले को पकड़ाया था," ती म्हणाली. मग तिने बाबांकडे नीट पाहिलं. "आप दुकानवाले नहीं हैं?"

"न्हाई," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मी ह्याचा बाप हाय."

तिने तक्रार मागे घेतली. लिखापढी होईस्तोवर सब-इन्स्पेक्टरने चहा मागवला. "मैडम, मैंने इनसे पूछा तो था," तो जरा नरमाईने म्हणाला.

"पूछा था," बाई म्हणाल्या, "बताया नहीं था."

स्कूटर बाजारातच ठेवून आम्ही तिघं ऑटोने परतत असताना बाबांनी विचारलं, "बाई, तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं ना. चहाचा कप उचललाच नाही मी. सांडला असता."

बाबांनी घरी येताच जाहीर केलं, की पुन्हा दिल्लीचं तोंड बघणार नाही. तीन वर्षं त्यांनी ते पाळलं.

बाई निवृत्त होऊन नाशिकला निघाल्या, त्या सकाळी मी निजामुद्दीन स्टेशनवर गेलो, तर बाबा तिथे आधीच उभे. मी फोनवर सहज सांगितलेली तारीख लक्षात ठेवून, कुणाला न सांगता, एकटे, दोन गाड्या बदलून आले होते.

"अहो, नाशिकला भेटला असता. किती जवळ पडलं असतं," मी म्हणालो.

"वळख इथली हाय," ते म्हणाले, "तर निरोपबी इथंच."

गाडी सुटली तरी ते खिडकीच्या गजांना धरून चालत होते, काहीतरी सांगत होते. बाई आतून वाकून, कानाशी हात धरून ऐकत होत्या. फलाट संपायला आला, तेव्हा कुठे बाबांनी गज सोडले.