माश्यांचे फोटोग्राफर

माझ्या बायकोचे सख्खे मामा हे घाटंजीतले एकुलते एक फोटोग्राफर होते, आणि माणसांचा फोटो काढायचा इतका कंटाळा असलेला फोटोग्राफर साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. समोर नवरा-नवरी येऊन बसली की त्यांना जांभया सुटत. कुणी गृहस्थ कोट चढवून, मिशीला तेल लावून खुर्चीत बसला, की मामांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होई. पण खिडकीतून एखादी गांधीलमाशी आत आली, की हाच माणूस ताडकन उठून उभा राहायचा. "या बाई," असं ते खरोखर म्हणत. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी घरचा जावई, वर्षातून चार वेळा यवतमाळहून बसचे धक्के खात त्यांच्याकडे जाणारा, पण मला त्यांनी इतक्या प्रेमानं कधी "या" म्हटलं नाही.

त्यांचा कॅमेरा लाकडी, तीन पायांवर उभा राहणारा, डोक्यावरून काळं कापड घेऊन बघायचा. आत काचेच्या प्लेटा. पुढच्या भिंगापासून मागच्या काचेपर्यंत कातडी भाता. बारीक वस्तू मोठी करून काढायची तर हा भाता जास्त ताणावा लागतो, हे मामांना कुणी सांगितलं कोण जाणे. सत्तावन्न साली त्यांनी देवळातल्या भजनी मंडळाची मोडकी पेटी 'दुरुस्त करून देतो' म्हणून घरी आणली आणि तिच्या भात्याचं कातडं काढून कॅमेऱ्याचा भाता हातभर लांब केला. भजनी मंडळ दोन वर्षं पेटीची चौकशी करत होतं. "सूर लागून राह्यला नाई अजून," एवढंच मामा सांगत. तिकडे मंडळ नुसत्या टाळांवर भजनं म्हणत होतं आणि इकडे तरोट्याच्या पिवळ्या फुलावरची केसाळ माशी मामांच्या काचेवर मांजरीएवढी दिसत होती. दिसायची मात्र उलटी, कारण त्या काचेवर सगळं जगच उलटं दिसतं. मामांचं त्यावरही म्हणणं होतं: "मानूस उलटा दिसला का येड्यावानी दिसते, जवाईबापू. माशी उलटी बी तेवढीच सुंदर दिसते. आता तुमीच सांगा, कोनाचा फोटू काढाव?"

मी निमूट माशीकडे बोट दाखवलं, कारण माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते आणि त्यात मी कसा दिसतो ते मला माहीत होतं.

स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर राजवाडा, संगमरवरी पायऱ्या आणि दोन बदकं असलेलं तळं. घाटंजी तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात एकदा तरी त्या तळ्याकाठी उभं राहून श्वास रोखलेला आहे. एका उन्हाळ्यात एका कुंभारणीनं, म्हणजे मातीची घरटी बांधणाऱ्या त्या सडपातळ माशीनं, नेमकं त्या राजवाड्याच्या खिडकीत घर बांधायला घेतलं. ऐन लग्नसराई. मामांनी पडदा हलवायला, झटकायला, गुंडाळायला साफ मनाई केली. ती तोंडात चिखलाची गोळी घेऊन यायची, गोल फिरून ती थापायची, पुन्हा जायची, आणि मामा गिऱ्हाइकाकडे पाठ करून ते बघत बसायचे. त्या महिनाभरात ज्यांनी फोटो काढून घेतले त्या सर्वांच्या कानाशेजारी एक मातीचा गोळा आहे. एका कारकुनानं मुलीकडच्यांना पसंतीसाठी पाठवायचा म्हणून फोटो काढून नेला होता. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की मुलगा चांगला आहे, पण आधी ते आवाळू कापून घ्यावं. कारकून तावातावानं आला. मामा शांतपणे म्हणाले, "तिचं घर व्हय ते. लेकरं आतमंधी हायेत. तुमचं लगन आखाडीनंतर जमवू." पुढे त्याचं लग्न त्याच मुलीशी झालं. त्या दिवशी पडदा स्वच्छ होता, पण मामांना ते फोटो फिके वाटले.

स्टुडिओबाहेरच्या काचेच्या कपाटात इतर फोटोग्राफर नवऱ्या लावतात. मामांनी तिथे एक गांधीलमाशी लावली होती, चांगली ताटाएवढी. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून, तांड्यांवरून आलेली माणसं तिच्यासमोर थबकत. तांड्यावरचे एक पागोटेवाले नाईक बराच वेळ बघून आत आले आणि त्यांनी गंभीरपणे विचारलं, "इले बसवली कशी हो तुमी?" आजवरच्या गिऱ्हाइकांत हा एकच प्रश्न मामांना शहाणपणाचा वाटला. त्यांनी नाईकांना चहा पाजला आणि तासभर उत्तर दिलं. नाईक आले होते सरकारी अर्जावर चिकटवायच्या फोटोसाठी. तो राहूनच गेला.

छप्पन साली नवा धर्म घेतल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत घाटंजीतली आणि आसपासची कितीतरी घरं पांढरे कपडे घालून कुटुंबाचा फोटो काढायला आली. अशाच एका घरातल्या म्हाताऱ्या आजी पांढरं लुगडं नेसून मधोमध बसल्या होत्या, ताठ. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर निळ्या पट्ट्यांची एक माशी येऊन बसली. मामांनी कॅमेरा उचलला आणि तो थेट आजींच्या खांद्याशी नेऊन उभा केला. "हलू नोका!" आजी हलल्या नाहीत. चार दिवसांनी फोटो न्यायला आल्या तेव्हा हातात पडली पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक टपोरी माशी. आजींनी फोटो उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला. "बापा, माया खांद्यावरची माशी आली, अन् मी कुठं गेली?" मामा ओशाळले. सगळ्या घराला पुन्हा बोलावून नीट फोटो काढून दिला, तोही हसतमुखानं. आजींनी दोन्ही फोटो नेले आणि त्यानंतर बाजाराला आल्या की मामींकडे पाणी प्यायला थांबायच्या.

मामींबद्दल आतापर्यंत काही सांगितलं नाही, कारण त्या घरात त्यांच्याबद्दल कुणीच काही सांगत नसे. मामांचं सगळं मात्र मामींवर चाले. निळ्या पट्ट्यांच्या त्या माश्या थंडीत वाळक्या काडीला जबड्यानं धरून, पाय आवळून झोपतात. ऊन चढलं की उडतात. म्हणून मामा पहाटे फटफटायच्या आत नाल्याकाठी निघत. कॅमेरा त्यांच्या खांद्यावर आणि तिपाई मामींच्या. भाता इतका ताणला की उजेड कमी पोचतो, म्हणून भिंगाची टोपी काढून दोन-तीन आकडे मोजेपर्यंत सगळं स्थिर राहावं लागतं. आणि काडी तर वाऱ्यानं हलणारच. ती काडी मामी धरत. खाली बसून, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, माशी जागी होणार नाही अशा बेतानं. मामा काळ्या कापडाखालून ओरडत, "श्वास धर!" आणि मामी श्वास धरत. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. कुडकुडत्या थंडीत त्या बाईंचा हात एखाद्या दगडात रोवल्यासारखा होता. मी म्हटलं, "मामी, हात दुखत नाही?" त्या हसून म्हणाल्या, "सवय झाली, बापू. पोळी लाटतानी हालते, काडी धरली का नाई हालत."

प्रत्येक प्लेटेवर खालच्या कोपऱ्यात मामींचा अंगठा यायचाच. मामा छापताना तो कोपरा कापून टाकत. "नख दिसलं का माशीची शान जाते," असं त्यांचं मत. त्यांच्याकडे काचेच्या प्लेटांच्या पेट्या होत्या आणि छापलेल्या फोटोंत एकाही ठिकाणी अंगठा नव्हता.

मामींची इच्छा एकच होती. त्यांना त्यांचा एक फोटो हवा होता. हट्ट नव्हता, पण दर सणाला त्या आठवण देत. घाटंजीत कुणी गेलं की लोक मामांकडे येत. मामा जुन्या प्लेटा काढून, कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून त्या माणसाचं डोकं शोधत, मोठं करत, फेटा वाकडा असला तर ब्रशानं सरळ करत, आणि तेरवीला हार घालायला फोटो तयार असे. मामी तो पुसून, दोऱ्यानं बांधून देत. असाच एक फोटो बांधताना त्या माझ्यासमोर मामांना म्हणाल्या, "साऱ्या घाटंजीचे गेलेले तुमी भितीवर लावले. माया तेरवीले कोनाचा फोटू ठेवसान?"

"काढू नं," मामा म्हणाले. "पोयाच्या सणाले काढू."

पोळा गेला, दिवाळी गेली. शेवटी एका संक्रांतीला योग आला. मी आणि माझी बायको तिळगुळाला गेलो होतो. मामी हिरवं लुगडं नेसल्या, कानांत कुड्या घातल्या, अंबाड्याच्या कडेला, कानाजवळ पांढरी शेवंती खोवली आणि राजवाड्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या अलीकडे वावरलेली ती बाई पहिल्यांदाच पलीकडे बसली होती. पायांचं काय करावं तेही तिला कळेना. मामा कापडाखाली शिरले. बराच वेळ झाला. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू, "हलू नको. आता बिलकुल हलू नको." मामींनी श्वास धरला. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी मामा एका माणसाकडे लक्ष देऊन बघतायत. मामा कापडाबाहेर आले, कॅमेरा उचलला आणि मामींच्या कानाशी नेऊन ठेवला. शेवंतीवर माशी बसली होती.

त्यांच्याकडे त्या दिवशी तेवढी एकच प्लेट होती.

माझी बायको मामांवर खूप चिडली. मामी चिडल्या नाहीत. "आला का चांगला?" एवढंच त्यांनी विचारलं. फोटो फारच चांगला आला होता. पाकळ्यांवरचे परागकण मोजता येत होते. मामांनी कडेचं सगळं कापून टाकलं आणि बाहेरच्या कपाटात गांधीलमाशीशेजारी तो लावला.

बासष्टच्या भाद्रपदात मामी तापानं चार दिवसांत गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मामा स्टुडिओत जमिनीवर बसून, एकेक प्लेट खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. आमच्या घराण्यातली सगळी लग्नं, मुंजी, बारशी तिथे होती. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि आम्ही दोघं शोधायला लागलो. एकाही फोटोत मामी नव्हत्या. मग मला आठवलं: दर फोटोच्या वेळी मामी कॅमेऱ्याशेजारी पांढरं धोतर ताणून उभ्या असत, आमच्या चेहऱ्यांवर उजेड पडावा म्हणून. माझ्या लग्नातही त्या तशाच उभ्या होत्या, आणि "मामी, तुम्हीही या" असं मी म्हटलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. मामांना हसत आलेला मी. पण बघायचं राहून जाण्यात त्यांच्यापेक्षा मी कुठे कमी होतो?

तेरवीच्या दिवशी भिंतीशी पाटावर फोटो मांडला. हार होता, उदबत्ती होती, आणि चौकटीत शेवंतीवर बसलेली माशी होती. लोक येत, हात जोडत, आणि जोडलेले हात तसेच ठेवून एकमेकांकडे बघत. कुणीतरी माझ्या कानात म्हणालं, "मामाचं डोकं फिरलं काय?" मलाही आधी तसंच वाटलं. मग जवळ जाऊन पाहिलं. मामांनी या वेळी काही कापलं नव्हतं. प्लेटेवर होतं ते सगळं छापलं होतं. फुलाखाली, जरा धूसर, एक कान होता. कानात कुडी, गालाची कड, आणि त्या कडेवर श्वास धरून दाबलेलं थोडंसं हसू.

पांढऱ्या लुगड्यातल्या त्या आजीही आल्या होत्या. त्या फोटोपुढे वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "तिचाच कान हाये हा," त्या मामांना म्हणाल्या. "आयकून राह्यली असंन सारं."

मामांनी मान हलवली. त्यांना मी पहिल्यांदाच कुणासमोर रडताना पाहिलं.

माश्यांचं वेड सुटलं म्हणाल तर तसं नाही. थंडी पडली की ते पहाटे नाल्यावर जातच राहिले. काडी धरायला त्यांनी लोखंडी सळईला कपडे वाळवायचा लाकडी चिमटा बांधून घेतला होता. वाऱ्यानं तोही जरा हलायचा. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा त्यांनी नवे फोटो माझ्यासमोर पसरले. माश्या पूर्वीसारख्याच देखण्या होत्या, पण हे फोटो कापलेले नव्हते; प्रत्येकात खालचा कोपरा तसाच ठेवलेला, त्यात नुसतं धूसर गवत. मी सवयीनं म्हणालो, "मामा, हा कोपरा कापायचा राहिला वाटतं."

"राहू द्या, जवाईबापू," ते फोटो गोळा करत म्हणाले. "तिची जागा व्हय ते."