ऐकणारा दाखवा

माणसाचा अपमान करण्याची कला कुणाला शिकायची असेल, तर त्यानं जयपूरला जावं आणि आमच्या कॉलेज रेडिओच्या मुख्य मुलीपाशी आठवडाभर बसावं. ही मुलगी आवाज चढवत नाही, वावगा शब्द काढत नाही. समोरच्याला खुर्ची देते, वर कचोरी पुढे करते आणि मग असा एक प्रश्न विचारते की माणूस ती कचोरी हातात घेऊन तसाच घरी जातो. मी स्वतः गेले आहे. आता त्या गोष्टीला बरेच दिवस झाले, पण आठवण झाली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आधी मी तिच्या तावडीत सापडले कशी, ते सांगते. माझे यजमान फौजेत नायब सुभेदार. त्यांच्या बदल्यांपायी माझं एम.ए. कायम अर्धवट राहत आलं. जयपूरला पोस्टिंग आलं तेव्हा मी हट्टानं मानसरोवरमधल्या एका कॉलेजात नाव घातलं आणि माझ्याहून कितीतरी लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसले. त्या कॉलेजचा एक रेडिओ आहे, मुलांनीच चालवलेला. जिन्याखालची अडगळीची खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर खिळ्यांनी ठोकलेल्या जुन्या रजया, एक माइक, आणि कार्यक्रम चालू असताना पंखा बंद ठेवायचा नियम, कारण माइकला पंखा ऐकू जातो. मे महिन्यात रजयांच्या खोलीत पंखा बंद करून हसऱ्या आवाजात बोलणं काय असतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. या रेडिओचा आवाज मानसरोवर आणि आसपासच्या वसाहतींत पोचतो आणि हवा स्वच्छ असेल तर राजा पार्कपर्यंत जातो. एवढ्या टापूत का होईना, आठवड्यातून अर्धा तास आपण मराठीत बोलावं असं माझ्या मनानं घेतलं. फौजेतल्या बाईला दर नव्या गावात नवऱ्याच्या हुद्द्यानं ओळखतात. अर्धा तास तरी मला कुणी माझ्या आवाजानं ओळखावं, असं मला फार वाटत होतं.

म्हणून मी रात्रंदिवस खपून एक संहिता लिहिली. ‘महाराष्ट्राची सांस्कृतिक परंपरा : एक दृष्टिक्षेप’ असं भारदस्त नाव तिला दिलं आणि मुख्य मुलीसमोर जाऊन बसले. ती काडीसारखी बारीक, डोळ्यांवर चेहऱ्यापेक्षा मोठा चष्मा आणि काखेत हेल्मेट. आईवडील मूळचे नागपूरचे. वडिलांचं मुरलीपुऱ्यात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. मुलगी जयपुरातच वाढली, त्यामुळे तिचं मराठी निम्मं नागपूरचं आणि निम्मं शाळेतल्या हिंदीचं. तिनं माझी संहिता हातातही घेतली नाही. कचोरी पुढे केली आणि विचारलं, “ताई, तुमचा ऐकणारा कोण?”

मी म्हटलं, आमच्या फौजी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाळीसजणी मराठी आहेत, शिवाय आयटीतली मुलं आहेत. ती शांतपणे म्हणाली, “चाळीसजणी म्हणजे कोणीच नाही ना ताई. मतलब, चाळीसजणींशी एकदम कोणी बोलते का? एक दाखवा. नाव सांगा, घर सांगा, रेडिओ कुठं ठेवते ते सांगा. मग स्लॉट देते.” एवढं बोलून तिनं हेल्मेट घातलं आणि ती निघून गेली. मी हातातल्या कचोरीकडे बघत राहिले.

हा तिचा नियम होता. या रेडिओवर ज्याला बोलायचं असेल त्यानं आपल्या टापूतला एक खराखुरा जिवंत माणूस दाखवायचा, आधी त्याच्या घरी जाऊन यायचं आणि मग फक्त त्याच्याशी बोलायचं. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं. नियम नुसता भिंतीवर लावून ती गप्प बसली असती तर आम्ही तो पाळल्याचं नाटक केलं असतं. पण ही बाई कार्यक्रम सुरू झाला की स्कूटी काढायची, त्या ऐकणाऱ्याच्या खिडकीखाली जाऊन उभी राहायची आणि आत रेडिओ चालू आहे की नाही ते कान देऊन ऐकायची. भर उन्हात परक्याच्या खिडकीखाली हेल्मेट घालून उभी राहणारी मुलगी पाहून लोकांनी तिला कितीदा हटकलं, त्याची गणती नाही. ती सांगायची, “रेडिओ तपासून राहिली, भैया,” आणि लोक घाबरून तिला पाणी द्यायचे.

आमच्यातला एक मुलगा शेरोशायरीचा कार्यक्रम करायचा. त्याची ऐकणारी राजा पार्कमधली एक मुलगी होती, आणि कार्यक्रम कशासाठी आहे हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्य मुलगी खिडकीखाली गेली तेव्हा तिला दिसलं की मुलगी क्लासला गेली आहे आणि रेडिओ तिचे वडील ऐकत आहेत, तेही मन लावून. झालं. तिनं परत येऊन मुलाचा ऐकणारा बदलला. त्या दिवसापासून बिचाऱ्याला त्या गृहस्थांसाठी कार्यक्रम करावा लागला. विरहाच्या जागी रक्तदाब आला, चांदण्या रात्रींच्या जागी गुडघेदुखीचे व्यायाम आले. तो मुलगा अक्षरशः रडला. मुख्य मुलगी म्हणाली, ते इमानदारीनं ऐकतात, त्यांना फसवायचं नाही.

प्राचार्यांनाही तिनं सोडलं नाही. त्यांना नव्या वर्षाचं भाषण रेडिओवरून करायचं होतं. तिनं त्यांनाही खुर्ची दिली, कचोरी दिली आणि ऐकणारा विचारला. ते हसून म्हणाले, आमच्या मिसेस आहेत की. भाषण सुरू झालं, ही स्कूटीवरून त्यांच्या बंगल्यावर गेली, तर आत टीव्हीवर मालिका चालू. ही परत आली, पंखा सुरू केला आणि कार्यक्रम संपला असं जाहीर केलं. दुसरं कुणी असतं तर कॉलेजातून नाव कमी झालं असतं. पण प्राचार्य ते प्रकरण घरापर्यंत न्यायला तयार नव्हते.

तर अशा मुलीपुढे मी माझा ऐकणारा शोधत फिरत होते. खोलीतल्या फळ्यावर बुधवारी पाचची वेळ मोकळी होती. ग्रुपवर विचारलं, तर सगळ्याजणींनी अंगठे पाठवले, पण बुधवारी पाच वाजता मी नक्की रेडिओ लावीन असं एकीनंही लिहिलं नाही. शेवटी मानसरोवरच्या भाजीबाजारात मिरजेची एक तरुण मुलगी भेटली. भाजीवाल्याशी हिंदीत भांडता भांडता तिचं हिंदी संपलं आणि ती मराठीत रडायला लागली. नवरा आयटीत, दिवसभर ऑफिसात. हिला दोन महिन्यांचं बाळ आणि शेजारी बोलायला कुणी नाही. मी तिला घरी सोडलं, माझा जुना ट्रान्झिस्टर तिच्या फ्रिजवर ठेवला आणि विजयी मुद्रेनं कॉलेजात आले.

मुख्य मुलीनं स्लॉट दिला, पण आधी त्या मिरजेच्या मुलीच्या घरी जाऊन आली आणि माझी ती भारदस्त संहिता न वाचताच परत केली. म्हणाली, बाळाला मांडीवर घेऊन कोणी परंपरा ऐकत नाही. मी दात ओठ खात दुसरी लिहिली. जयपुरात चांगलं खोबरं कुठं मिळतं, घरमालकिणीला पाणी गेल्याचं कसं सांगायचं, इथल्या उन्हात बाळाला तेल लावावं की नाही. पहिला कार्यक्रम झाला आणि मी घामानं निथळत बाहेर आले, तर ही खिडकीखालून परत येऊन उभी. मला वाटलं, निदान आज तरी बरं म्हणेल. ती म्हणाली, पाच मिनिटांत बंद केला तिनं रेडिओ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग तिनं खुलासा केला, की बाळ झोपलं म्हणून बंद केला, पुढच्या वेळेपासून हळू बोला. आणि मी हळू बोलायला लागले, इतकं हळू की मशीन सांभाळणाऱ्या मुलानं माइक बिघडला समजून तो खोलून ठेवला. संपूर्ण मानसरोवरात एका बाळाची झोपमोड होऊ नये म्हणून एक प्रौढ बाई रजयांच्या खोलीत कुजबुजते आहे, हे आमच्या यजमानांना कळल्यावर ते जेवताना हसत सुटले. मी मात्र खूश होते. ती मिरजेची मुलगी बाजारात भेटली की, मागच्या बुधवारी तुम्ही बोललात ना, असं म्हणून बोलायला सुरुवात करायची. माझे यजमान काय करतात हे तिनं कधी विचारलंही नाही.

पावसाळा सरता सरता तिच्या नवऱ्याला हैदराबादला नोकरी लागली. तिनं ट्रान्झिस्टर परत आणून दिला, माझ्या गळ्यात पडली आणि गेली. त्याच दिवशी मुख्य मुलीनं फळ्यावरून माझा बुधवार पुसला.

मी इतकी चिडले की काय बोलले ते आता आठवत नाही. अर्धा तास तुझ्या बापाचा आहे का, असंही काहीतरी म्हणाले असेन. एवढं आठवतं की मी तिला विचारलं, दोन वर्षं आम्हा सगळ्यांना नाचवतेस, तू स्वतः का नाही कधी माइकसमोर बसत? तिनं चष्मा पुसला. म्हणाली, “तुम्ही काहून रागावून राहिल्या, ताई? माझा ऐकणारा आहे कुठं? घर मुरलीपुऱ्यात. तिथवर आपला आवाज जात नाही. आईनं कधी ऐकलाच नाही हा रेडिओ.” असं ती अगदी सहज म्हणाली. तरी माझा राग उतरला नाही. नियम केला कुणी, तिनंच ना? मग भोगावा तिनं. मी का?

मी दुसरा ऐकणारा शोधत राहिले. पण तो सापडायच्या आत यजमानांची बदली आली, थेट आसामला. परीक्षा कशीबशी दिली, ट्रंका भरल्या. निरोप घ्यायला रेडिओवर गेले तर मुख्य मुलगी तिथं नव्हती, कुणाच्या तरी खिडकीखाली गेली होती. फळ्यावर बुधवार पाच वाजताची जागा कोरीच होती. मी ती बघितली आणि वाटलं, आपला एवढाच आवाज होता, तोही गेला. गाडीत बसल्यावरही तेच डोक्यात फिरत होतं.

आसामला येऊन घर लावून होतंय न होतंय तोच तिचा फोन आला. ना खुशाली, ना नमस्कार. म्हणाली, बुधवारचा स्लॉट मी घेतला, मराठीत बोलणार, तुम्ही ऐकणार. मी म्हटलं, अगं, मी आसामात आहे. ती म्हणाली, माहीत आहे. मग मला चेव चढला. प्राचार्यांना नाही सोडलंस, त्या शायराला रडवलंस, माझा कार्यक्रम बंद केलास, आणि आता स्वतःवर आलं तेव्हा टापूच्या बाहेरचा ऐकणारा चालतो का, असं मी तिला चांगलं सुनावलं.  ती म्हणाली, “तुमच्या खिडकीखाली मी येऊ शकत नाही ना, ताई. भरवसा ठेवून राहिली.”

मी मग नरमले आणि म्हटलं, निदान रेकॉर्ड करून पाठव, रात्री निवांत ऐकीन. तेही तिनं साफ नाकारलं. रेकॉर्डिंग पाठवलं तर तुम्ही कधीपण ऐकाल, मतलब कधीच नाही ऐकणार, असं म्हणून तिनं फोन ठेवला. मशीनवाल्या मुलाकडून कळलं की ती आता दर बुधवारी त्या खोलीत पंखा बंद करून बसते आणि तुटक्या मराठीत अर्धा तास बोलते. काय बोलते, ते मात्र त्यालाही कळत नाही. तो मारवाडी, त्याला मराठी येत नाही. जयपुरात ते कुणी ऐकतं की नाही, देव जाणे. आणि जिच्यासाठी बोलते, ती मी इथं, जिथं तिचा एक शब्दही येत नाही. असला आडमुठेपणा मी जन्मात पाहिला नाही.

इकडे थंडीत संध्याकाळी पाच वाजता अंधार पडलेला असतो. बुधवारी मी त्या वेळेला गॅस बंद करते, पदराला हात पुसते आणि खिडकीपाशी खुर्ची घेऊन अर्धा तास बसते. परवा यजमान लवकर घरी आले. त्यांनी दिवा लावला आणि चहाचं विचारलं. मी त्यांना म्हटलं, जरा थांबा, ऐकू द्या.