कुडुमकाकूंचे दात

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमच्या दिवाळीच्या फराळावर कुडुमकाकूंच्या दातांचा शिक्का लागायचा. मराठी घरांतली पहिली चकली त्यांच्या पुढच्या दातांखाली जायची. ‘कुडुम’ असा आवाज आला तर पास, नाहीतर “घाईत तळलीस गं!” कुडुमकाकू हे नाव आम्हा मुलींनीच ठेवलं होतं आणि काकूंना ते मनापासून आवडायचं.

काका रिटायर झाले आणि दोघं दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेतल्या नव्या सोसायटीत राहायला गेले. तेव्हा तिथे माणसं कमी आणि अर्धवट इमारतीच जास्त होत्या. पाणी टँकरचं. काकूंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, त्याचं खापर त्यांनी टँकरवर फोडलं आणि ब्रश करणंच सोडलं. “दुखऱ्या जागेला कशाला डिवचायचं?” पुढे दात हलू लागले.

मी नुकती नोकरीला लागले होते. मीच त्यांना करोल बागेत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. अगदी पोरगेलासा होता. हिरड्या तपासून त्याने सरळ विचारलं, “माताजी, माहवारी बंद हुए कितने साल हुए?”

काकू खुर्चीतून ताडकन उठल्या. ऑटोत म्हणाल्या, “दात दाखवायला आले होते ना मी? मग हा भलतंच काय विचारतो? बिल्कुल वाह्यात मुलगा!” मलाही काही उमगेना. दातांचा आणि पाळीचा काय संबंध? आणि विचारणार तरी कुणाला? काकू मात्र त्यानंतर कुठल्याच दातांच्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत.

पुढे दोनेक वर्षांनी त्या बाथरूममध्ये जराशा घसरल्या आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनीही नेमका तोच प्रश्न विचारला. बाईमाणूस म्हणून काकूंनी उत्तर दिलं. पाळी गेल्यावर हाडं विरळ होत जातात, जबडा म्हणजेही हाडच, त्यात हिरड्या सुजलेल्या असल्या तर दातांची पकड लवकर सुटू शकते, असं बाई समजावत होत्या. काकू गोंधळून एकदा प्लॅस्टरकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. “म्हणजे तो मुलगा...” एवढंच म्हणाल्या. तोवर पुढचे दोन दात पडले होते.

त्या दिवाळीला सवयीने मी चकलीचं ताट त्यांच्यापुढे धरलं. काकूंनी चकली कानाशी नेऊन बोटांनी मोडली, “पास,” म्हणाल्या आणि तुकडा चहात बुडवला. मला फार वाईट वाटलं.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या मुलाने आधी कारण सांगायला हवं होतं, की काकूंनी जरा वेळ बसायला हवं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. मागच्या महिन्यात माझ्याच हिरड्यांतून रक्त आलं. हाही डॉक्टर तरुण, पण संकोची. ब्रश कोणता, पेस्ट कोणती एवढंच त्याने विचारलं. मी खुर्चीत नीट टेकून बसले आणि म्हणाले, “डॉक्टरसाब, आपने पूछा नहीं. मेरी माहवारी बंद हुए तीन साल हो गए.”