बिनखिडकीची खोली

एसटीत कडेवरच्या पोराचं तिकीट लागत नाही. आमच्याकडे पोर मांडीवर आहे तोवर त्याला कुठंच मोजत नाहीत. जीपमध्ये नाही, पंगतीत नाही, वऱ्हाडात तर नाहीच. म्हणून बोटीतली खोली ठरवताना मी बिनधास्त सांगून मोकळी झाले की आम्ही तीन माणसं. मी, नवरा आणि सासूबाई.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीची ही सहल नवऱ्याला कंपनीनं बक्षीस म्हणून दिली होती. सासूबाई पाथर्डीकडच्या. समुद्र कधी पाहिलेला नाही. "मला न्यायचं आसंल तर पानी दिसंल आशी जागा घ्या, न्हाईतर मी घरीच बरी," असं त्यांनी नातींना तेल चोळता चोळता बजावलं होतं. आमच्या जुळ्या नुकत्याच रांगायला लागलेल्या. त्यामुळे बाल्कनीची खोली मी बघितलीसुद्धा नाही. खिडकी हवी, दोन पाळणे मावायला हवेत आणि न्हाणीत बादली टेकवायला जागा हवी. मोबाईलवर खोल्यांचे फोटो बघून बघून माझे डोळे दुखायला लागले. सासूबाईंचा प्रश्न भलताच होता.

"झोळी बांधायला छताला कडी हाय का?"

"आई, बोटच झोके देते, झोळी कशाला?" मी म्हटलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

शेवटी एक खिडकीची खोली मिळाली आणि मी गंगेत घोडं न्हालं म्हणून निवांत झाले. मग सहलवाल्या माणसाचा नगरच्या घरी फोन आला. हातात वरणभाताची वाटी होती, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, बरोबर बाळं आहेत असं कळलं. किती?"

"दोन. पण मांडीवरची आहेत हो."

"बोटीत मांडी चालत नाही मॅडम. प्रत्येक जिवाला लाईफ जॅकेट, प्रत्येक जिवाला जागा. एका खोलीत चारच जण, आणि पाळणाही एकच."

मी वाटी हातात धरून तशीच उभी. धड दात न आलेल्या माझ्या पोरी एकदम दोन अख्खी माणसं झाल्या होत्या. मधलं दार असलेल्या खोल्या संपलेल्या. आता मिळाली तर आणखी एक खोली, तीही दोन मजले खाली आणि बिनखिडकीची. म्हणजे पोरींची ताटातूट. विचार करून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. रडायचीच बाकी होते.

"येवढं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "एक न्या, एक ठिवा. माजी बहीन हाय की पाथर्डीला, ती संबाळील. ही धाकटी ठिवा. ही लई रडत न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, पोरी आहेत का बोचकी? एक न्यायची अन् एक ठेवायची?"

त्या चिडल्या नाहीत. त्यांना माझं चिडणंच कळलं नसावं. "तोडणीला जाताना आमी तसंच केलं. ऊस तोडायचा का दोन तान्ही संबाळायची? येक संगं कोपीवर, फडाजवळच्या पाचटाच्या खोपटात नेलं, येक माझ्या आईपाशी ठिवलं."

नवरा आणि दीर जुळे, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. दिराच्या तोंडाला कुलूप लागत नाही. नवरा मात्र तापानं फणफणला तरी आपण विचारल्याशिवाय सांगायचा नाही. घुम्या म्हणून मी त्याला किती चिडवलं असेल. पण हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. नवरा पलीकडं दोरीवरची दुपटी काढत होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"मला ठेवलं होतं," दुपट्याची घडी घालत तो म्हणाला. दूध संपलंय म्हणून सांगावं, तितक्याच साधेपणानं.

मला धक्काच बसला. आणि मग जे विचारू नये तेच मी विचारलं. "आई, कुणाला ठेवायचं हे कसं ठरवलंत?"

"जो कमी रडायचा त्याला ठिवला. म्हातारीला तरास नको." त्या धाकटीच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. "हंगाम सरून कारखाना बंद झाला तवा आले, तर ह्यो माझ्याकडं येईना. माझ्या आईच्या पदराआड लपला. कवा न रडनारं पोर, मला बगून रडलं."

ज्या बाईवर मी आत्ता ओरडले होते, तिच्याकडे बघायची मला भीती वाटत होती. नवऱ्यानं घड्या ठेवल्या आणि फोन उचलला. "दोन्ही खोल्या घेतो," तो त्या माणसाला म्हणाला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "धाकटी माझ्याजवळ राहील, खाली."

बोटीवर सासूबाईंचा पलंग मी खिडकीला लावून घेतला आणि पडदा सरकवला. समोर नुसतं पाणी. चहा संपेपर्यंत त्या बघत राहिल्या, मग कप ठेवून म्हणाल्या, "धाकटी कुटंय?"

थोरलीला कडेवर घेऊन, भिंतीला धरत धरत आम्ही खाली गेलो. नवरा पलंगावर आडवा झालेला. धाकटी पाळण्यात टक्क जागी, छताकडे बघत, चकार शब्द न काढता. सासूबाईंनी दोन पावलांच्या जागेत फतकल मारली ती मारलीच. जेवायला तेवढ्या वर यायच्या. दुसऱ्या दिवशी माझा धीर सुटला.

"आई, समुद्र बघायला आलो ना आपण? इथं काय भिंती बघत बसलात?"

धाकटीच्या मुठीत त्यांचं बोट होतं. "थोरली रडून बोलावून घेती. हिच्यापाशी आपनच बसाय पायजे."

त्यांचा दुसरा हात पलंगावर, नवऱ्याच्या पावलावर होता. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला नव्हता. घोरत नव्हता, त्यावरून मला कळलं.