बडीशेप न खाणारे लहानूभाऊ

पंगत उठून बडीशेपेची वाटी फिरू लागली, की लहानूभाऊ दोन्ही हात पाठीमागे घेत. "नोको. नाक माहं नाई, झाडाचं हाये."

सौंदडजवळच्या आमच्या प्रयोगक्षेत्रावर ते शेतमदतनीस होते, मी नवखी संशोधक. अधिक तेल देणाऱ्या तेलताडाचे वाण घडवणे हे आमचे काम. आई जाड कवचाची, बाप बिनकवचाचा. त्यांच्या लेकरांच्या फळांत गर अधिक. किड्यांनी परका पराग आणू नये म्हणून मादीफुलोरा उमलण्याआधीच त्यावर पिशवी बांधायची, आणि तो उमलताच बारीक छेदातून निवडलेल्या झाडाचा पराग आत फुंकून छेदावर पट्टी चिकटवायची. त्यासाठी मिळतात जेमतेम दोन दिवस. मी पिशवीच्या खिडकीतून फुलांचा रंग न्याहाळत राही. लहानूभाऊ फक्त नाक जवळ नेत. तेलताडाच्या उमललेल्या फुलांना बडीशेपेचा कोवळा, गोडसर गंध येतो. "आज नाई, मॅडम. उद्या सकाळी," ते म्हणत, आणि उद्याची सकाळ त्यांचा शब्द राखी.

एका वर्षी उन्हाने आमच्या सर्वोत्तम आईझाडाला जवळजवळ नुसती नरफुले आली. मादीफुलोरा एकच. त्यावर आमचा सारा हंगाम टांगलेला. सहा महिन्यांनी घड शेंदरी झाला. निवृत्तीपूर्वी त्याची रोपे पाहायची, ही लहानूभाऊंची आस. मी वही उघडली, तोच ते शिडीवरून म्हणाले, "थांबा. हा घड बियाण्याले नोको."

"काऊन, भाऊ?" एव्हाना त्यांची बोली माझ्याही जिभेवर रुळली होती.

"पराग फुकला त्या छेदावरची पट्टी दुसऱ्या दिवशी उकलून होती. मी चिपकवली अन् चूप राहिलो. आत किडा गेला असन तं?"

"गेला असेलच कशावरून?"

"नाई गेला, हे कायच्यावरून? बाप मालूम नाई अन् कास्तकाराले रोप देऊन राहिलो आपण. चार वर्सानं फळ आलं का त्याले कळन. तवा मी कोठी राहीन?" मग आवाज उतरला. "आमचे आजे तलाव बांधत. पाळ थेंबभर पाझरली तरी गावाले सांगत. मी सहा महिने नाई सांगलो."

वहीतली त्या तेलकट, तांबूस घडाची नोंद खोडून टाकायला माझा हात धजेना. अखेर त्यांनीच विळ्याने घडावरच्या नोंदचिठ्ठीचा दोरा कापला, आणि घड तेलघाण्याच्या ढिगात टाकला.

पुढच्या फुलोऱ्यावर त्यांनी पट्टी अंगठ्याने तीनदा दाबली. तो घड मात्र त्यांच्या निवृत्तीनंतर पिकणार होता.

निरोपाच्या जेवणानंतर वाटी फिरली. लहानूभाऊंनी चिमूटभर बडीशेप उचलली, डोळे मिटून सावकाश चावली. "आता नाक माहं झालं," ते हसले.

वाटी माझ्यापुढे आली. माझे दोन्ही हात पाठीमागे गेले होते.